भिंतीवांचून दुर्ग : लॅरामीचें ठाणें आणि पश्चिमेकडील वसाहत

जेथें जाणें कठीण तो दुर्ग, ही या शब्दाची व्युत्पत्ति सर्वश्रुत आहे. कौटिल्यानें औदक, पार्वत, धान्वन आणि वन असे त्याचे भेद सांगितले. आज्ञापत्रकारांनीं राज्यरक्षणाच्या दृष्टीनें त्याचा विचार केला. आणि आमच्याकडील संशोधकांनींही किल्ल्यांच्या बाबतींत वेढे, तट, फितवा व शिबंदी यांच्याच हकीकती बहुतेक शोधून काढिल्या. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला किल्ला या व्याख्येंत मुळींच बसत नाहीं. उत्तर अमेरिकेंत, हल्लींच्या वायोमिंग राज्यांत, लॅरामी नदी जेथें उत्तर प्लॅट नदीस मिळते त्या संगमाजवळ इ. स. १८३४ पासून १८९० पर्यंत नांदलेलें हें ठाणें. तेथें जाणें कठीण नव्हतें; ज्यास पश्चिमेस जावयाचें त्यास बहुधा तेथूनच जावें लागे. त्यास वेढा कधीं पडला नाहीं. लष्कराच्या ताब्यांत आल्यानंतर त्यास तटही राहिला नाहीं. असें असतां अर्ध्या खंडाचें स्वामित्व ज्या उलाढालींत पालटलें तींत या ठाण्याचा वांटा फार मोठा आहे. तो वांटा तोफांनीं उचलला नाहीं. वाणसामान, टपाल आणि कागद यांनीं तो उचलला, आणि त्यांतही शेवटीं निर्णायक ठरला तो कागद, असें आमचें मत आहे. तें मत पारखण्याचें साधनही अर्थात् कागदच.

प्रथम जागेचा विचार करूं. मिसूरी नदीजवळील इंडिपेंडन्स गांवाहून निघालेली बैलगाडी प्लॅट नदीचा कांठ धरून चालूं लागली म्हणजे सुमारें साडेसहाशें मैलांवर या संगमास पोंचे. तेथपर्यंतचा मुलूख गवताळ आणि उघडा, झाडझाडोरा विरळा. येथून पुढें चढ लागतो, लॅरामीचें शिखर दिसूं लागतें आणि पाण्याचे टप्पे दूर दूर पडतात. पाणी, गवत आणि लांकूड या तिन्ही वस्तु एके ठायीं मिळण्याचें हें स्थळ असल्यामुळें लाकोटा, शायेन व अरापाहो या लोकांच्या शिकारीच्या वाटा पूर्वीपासूनच येथें येऊन मिळत. जेथें गिऱ्हाईक आपण होऊन येतें तेथें दुकान मांडावें, या न्यायानें विल्यम सब्लेट व रॉबर्ट कँबेल या दोघां व्यापाऱ्यांनीं १८३४ सालीं येथें लांकडी कोट घातला व त्यास फोर्ट विल्यम असें नांव दिलें. दोन वर्षांतच तो अमेरिकन फर कंपनीकडे गेला. १८३७ सालीं आल्फ्रेड जेकब मिलर नांवाचा चित्रकार तेथें येऊन गेला. त्या लांकडी कोटाचें स्वरूप आज आपणांस कळतें तें मुख्यतः त्याच्या चित्रांवरून. १८४१ सालीं लांकूड कुजूं लागल्यामुळें उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांचा दुसरा कोट उठला. कंपनीनें त्यास फोर्ट जॉन म्हटलें, परंतु लोकांनीं नदीचेंच नांव चालविलें. दफ्तरांत एक नांव व तोंडीं दुसरें, हा प्रकार स्थलनामांच्या अभ्यासकांस नवा नाहीं. नदीस तरी हें नांव कोठून आलें, तर ला रामे नांवाचा एक फ्रेंच फांसेपारधी १८२१ च्या सुमारास तिच्या कांठीं मारला गेला, त्यावरून आलें असें सांगतात.

हा कोट म्हणजे वखार होती. आरंभीं बीव्हर या जलचर प्राण्याची कातडी हा मुख्य माल. युरोपांत रेशमी टोपीची चाल पडून बीव्हरची मागणी बसली, तेव्हां अमेरिकन गव्याचीं कमाविलेलीं चामडीं हा माल झाला. त्याच्या बदल्यांत घोंगड्या, सुऱ्या, मणी, दारूगोळा आणि प्यावयाची दारू. या व्यापारामुळें कोटाच्या आश्रयानें एक निराळीच वस्ती वाढली. फ्रेंच वंशाचे व्यापारी लाकोटा स्त्रियांशीं लग्नें करून राहिले, आणि त्यांच्या सासुरवाडीचीं माणसें कोटाभोंवतीं डेरे देऊन राहूं लागलीं. या जमावास लाकोटा भाषेंत वाग्लुहे असें नांव पडलें. बायकोच्या माणसांत राहणारा, म्हणजे आपल्याकडील घरजांवई, असा त्या शब्दाचा अर्थ देतात. गोऱ्या लोकांनीं त्याचें भाषांतर ‘रिकामटेकडे’ असें केलें. शब्दांत मूळचें नातें होतें तें जाऊन भाषांतरांत नुसती निंदा उरली! पुढें ज्या दुभाष्यांच्या जिभेवर तह आणि लढाया अवलंबून राहिल्या ते बहुतेक याच वस्तींतले, हें ध्यानांत ठेवावें.

वसाहतीस निघालेल्या लोकांची रहदारी वखार उभी राहिल्यावर सुरू झाली. १८३६ सालीं नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग या दोन मिशनरी स्त्रिया या वाटेनें आपल्या पतींबरोबर रॉकी पर्वतापलीकडे गेल्या. गोऱ्या लोकांच्या बायका तो पर्वत ओलांडूं शकतात ही गोष्ट तेव्हां प्रथम दिसून आली, आणि कुटुंबेंच्या कुटुंबें निघण्याचा मार्ग मोकळा झाला. १८४१ सालीं गाड्यांचा पहिला लहानसा तांडा गेला, १८४३ सालीं सुमारें एक हजार माणसें ओरेगॉनकडे गेलीं, १८४७ सालीं ब्रिगम यंग आपल्या मॉर्मन अनुयायांच्या पहिल्या टोळीसह येथें पोंचला आणि ठाण्यावरून भाड्यानें घेतलेल्या नावेंतून त्यानें गाड्या पैलतीरास उतरविल्या. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडलें. पुढील वर्षापासून नदीच्या दोन्ही कांठांनीं धूळ दिसूं लागली ती चार वर्षें खालीं बसली नाहीं. १८५० आणि १८५२ या दोन वर्षांपैकीं प्रत्येक वर्षीं या वाटेनें पन्नास हजारांवर माणसें गेलीं असावीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

येथें ठाण्याचा खरा उपयोग काय होता हें त्या प्रवाशांच्या रोजनिशांवरून स्पष्ट दिसतें. या रोजनिशा शेंकड्यांनीं उपलब्ध आहेत. शिकलेला, अर्धशिकलेला, न्हावी, लोहार, शेतकरी, शेतकऱ्याची बायको, असा कोण लिहीत नव्हता हेंच विचारावें. मे महिन्यांत गवत उगवल्यावर निघावयाचें आणि ऑक्टोबरांत पश्चिमेकडील घाटांत बर्फ पडण्यापूर्वीं पलीकडे उतरावयाचें, एवढ्या अवधींत दोन हजार मैल कापावयाचे, हा हिशेब. जूनच्या मध्यास वा अखेरीस लॅरामीस पोंचलों म्हणजे वेळेवर आहों असें समजावयाचें. म्हणून रोजनिशींत या ठिकाणची तिथि बहुधा आवर्जून नोंदलेली असते. येथें बैलांस व घोड्यांस नाल, चाकांस धांव, थकलेल्या जनावराच्या बदलीं ताजें जनावर, घरीं पाठवावयाचें पत्र, आणि पीठ, साखर, कॉफी हा जिन्नस अवाच्या सवा दरानें मिळे. याउलट जें नको झालें तें येथें टाकून द्यावयाचें. घाट चढण्यापूर्वीं गाडी हलकी केली पाहिजे हें येथें उमगे, आणि लोखंडी चुली, पेट्या, नांगर, पुस्तकें व डुकराच्या खारविलेल्या मांसाचे ढीग वाटेच्या कडेस पडत. व्यापारी तेंच उचलून मागून येणारास विकी!

फ्रान्सिस पार्कमन हा पुढें नामांकित झालेला इतिहासकार १८४६ सालीं येथें येऊन राहिला होता, आणि ‘दि ओरेगॉन ट्रेल’ या १८४९ सालच्या त्याच्या पुस्तकांतील वर्णनावर पुष्कळ लेखक विसंबतात. तें वर्णन सुरस आहे यांत शंका नाहीं. परंतु ग्रंथकार त्या वेळीं अवघ्या बावीस वर्षांचा, बोस्टनच्या सधन घराण्यांतला. वसाहतीस निघालेल्या खेडवळांविषयीं त्यास तिटकारा होता आणि तो लपविण्याचा यत्नही त्यानें केलेला नाहीं. म्हणून व्यापाऱ्यांविषयीं त्याचें म्हणणें घ्यावें, प्रवाशांविषयीं मात्र प्रवाशांच्याच रोजनिशा पाहाव्या.

ठाण्यावर मिळणाऱ्या वस्तूंत सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे पुढच्या वाटेची बातमी. १८४६ च्या जूनअखेर जेम्स क्लायमन नांवाचा जुना वाटाड्या कॅलिफोर्नियाहून परत येत असतां लॅरामीच्या परिसरांत त्याची गांठ जेम्स रीड या आपल्या पूर्वीच्या सोबत्याशीं पडली. रीडच्या हातीं लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याचें छापील पुस्तक होतें, आणि त्यांत ग्रेट सॉल्ट लेकच्या दक्षिणेनें जवळची वाट असल्याचें लिहिलें होतें. क्लायमन त्याच वाटेनें नुकताच आला होता. गाड्यांची रुळलेली वाट सोडूं नको, दुसऱ्या वाटेनें पोंचणें कठीण, असें त्यानें परोपरीनें सांगितलें. रीडनें छापील पुस्तकावर भरंवसा ठेविला. डॉनर यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेली ती मंडळी सिएरा नेवाडाच्या बर्फांत अडकली, आणि सत्याऐंशीं माणसांपैकीं निम्मीं जेमतेम वांचलीं. छापील मजकूर म्हणजे प्रमाण, ही समजूत कागदांचा व्यासंग करणाऱ्या आपणां सर्वांसच थोडीबहुत असते.

१८५० सालीं ठाण्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांची नांवें लिहिण्याची वही ठेविली होती. त्या हंगामांत नोंदलेल्यांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास गेली, आणि त्यांत बायका व मुलें फारच थोडीं, हें सोन्याच्या हव्यासाचें लक्षण होय. नदीच्या उत्तर तीरानें परस्पर गेलेले लोक यांत आले नाहींत. वहीवरील आंकडे पुष्कळ प्रवाशांनीं आपल्या रोजनिशींत उतरून घेतले आहेत; एवढ्या निर्जन मुलखांत आपण एकटे नाहीं, यानें त्यांस धीर येत असावा. ज्यांस वहीनें समाधान झालें नाहीं त्यांनीं पुढच्या मुक्कामीं नदीकांठच्या मऊ दगडाच्या कड्यावर सुरीनें नांवें व वर्षें कोरलीं. तो कडा आज ‘रजिस्टर क्लिफ’ म्हणजे नोंदवहीचा कडा म्हणून दाखवितात. त्याच टापूंत वालुकाश्मावर गाड्यांच्या चाकोऱ्या पडल्या आहेत. कांहीं ठिकाणीं त्या पांच फुटांपर्यंत खोल आहेत. या शिलालेखांस प्रशस्ति नाहीं, राजाचें नांव नाहीं. तरी एका स्थलांतराचा एवढा खरा लेख दुसरा क्वचितच सांपडेल.

२६ जून १८४९ रोजीं अमेरिकन सरकारनें ही वखार चार हजार डॉलरांस विकत घेतली. वसाहतवाल्यांचें रक्षण हा हेतु सांगितला होता. आरंभीं भोंवतीं तट घालण्याचा विचार होता, पण खर्च फार म्हणून तो सोडून दिला. मधल्या मैदानाभोंवतीं बराकी, अधिकाऱ्यांचीं घरें, दारूखाना, तबेले व छावणीच्या दुकानदाराचें दुकान अशी उघडी वस्ती उभी राहिली. शिबंदी पुष्कळदां शंभराच्या आंतबाहेर असे. कच्च्या विटांचा जुना कोट कांहीं वर्षांनीं पाडून टाकला. १८६४ सालीं दौडीवरून परत आलेल्या स्वारांचे घोडे मैदानांतच लोळत असतां थोड्याशा लाकोटा स्वारांनीं ते भरदिवसां हांकून नेले, यावरून ठाणें किती उघडें होतें हें समजेल.

मग रक्षण झालें कोणाचें व कोणापासून? जॉन अन्रू या इतिहासकारानें रोजनिशा व वृत्तपत्रें चाळून १८४० ते १८६० या काळाची मोजदाद केली. या वीस वर्षांत मूळच्या रहिवाश्यांच्या हातून मेलेले प्रवासी ३६२, आणि प्रवाश्यांच्या हातून मेलेले मूळचे रहिवासी ४२६, असें त्यास आढळलें. ओरेगॉन व कॅलिफोर्नियास गेलेल्यांची एकूण संख्या अडीच लक्षांवर होती, हें लक्षांत घेतां पहिला आंकडा किती लहान आहे हें सांगावयास नको. बहुतेक माणसें मेलीं तीं पटकीनें, नदी ओलांडतांना बुडून, किंवा स्वतःचीच बंदूक चुकून उडून. सारांश, रक्षण हें ठाण्याचें नांवाचें काम. तांड्यास पुरवठा व विसांवा देऊन पुढें लावणें हें चालू काम. त्या तांड्यांनीं नदीकांठचें गवत फस्त केलें, लांकूड जाळलें, गव्यांचे कळप वाटेपासून दूर हटविले आणि पटकी मागें ठेविली. मूळच्या रहिवाश्यांची तक्रार होती ती याबद्दल, आणि ती वाजवी होती.

त्या तक्रारीचा निकाल म्हणून १८५१ चा तह झाला. हा आमच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. सरकारतर्फे डेव्हिड मिचेल व टॉमस फिट्झपॅट्रिक हे दोन अधिकारी होते. लाकोटा, शायेन, अरापाहो, क्रो वगैरे लोकांचा सुमारें दहा हजारांचा जमाव जमला. इतक्यांच्या घोड्यांस लॅरामीस चारा पुरेना, म्हणून सभा सुमारें पस्तीस मैल खालीं हॉर्स क्रीकच्या मुखापाशीं हलविली. तरी तह ओळखला जातो तो लॅरामीच्या नांवानें. वांटावयाचा माल वेळेवर पोंचला नाहीं आणि आठवड्यावर लोक वाट पाहत राहिले. अखेर १७ सप्टेंबरास सह्या झाल्या. सरकारास रस्ते काढण्याचा व ठाणीं बसविण्याचा हक्क मिळाला. त्या बदल्यांत सर्व जमातींस मिळून सालीना पन्नास हजार डॉलरांचा माल पन्नास वर्षें द्यावयाचा ठरला. प्रत्येक जमातीच्या मुलखाच्या सीमा लिहिल्या. जेझुइट पाद्री द स्मेट यानें त्या सीमांचा नकाशा काढला; तो नकाशा आजही वॉशिंग्टन येथें जतन केलेला आहे. ज्या लोकांत शिकारीचा मुलूख ऋतुमानाप्रमाणें व बळाप्रमाणें सरकत असे, त्यांच्या मुलखावर शाईची रेघ प्रथम पडली ती येथें. तसेंच, लाकोटांच्या सर्व शाखांचा एक नायक असला म्हणजे सरकारास जबाबदार धरावयास सोपें, म्हणून मातो ओयुही नांवाच्या पोक्त पुरुषास मुख्य ठरविलें. इंग्रजी कागदांत त्याचें नांव काँकरिंग बेअर असें येतें. असा एकमुखी अधिकार त्यांच्या चालीरीतींत नव्हता; तोही कागदानेंच निर्माण केला.

सही म्हणजे काय तर मुख्यानें लेखणीस हात लावावयाचा, आणि कारकुनानें त्याच्या नांवापुढें फुली काढावयाची. आमच्या जुन्या महजरांवर कुणब्यानें नांगराची निशाणी करावी तसा हा प्रकार दिसतो खरा, परंतु एक भेद आहे. कुणबी आपल्या भाषेंतील मजकूर ऐकून निशाणी करी. येथें मजकूर इंग्रजींत आणि अर्थ दुभाष्याच्या तोंडीं. आणखी असें कीं, सह्या झाल्यानंतर पुढील वर्षीं वॉशिंग्टनच्या सेनेटनें पन्नास वर्षांच्या जागीं दहा वर्षें घातलीं, व वाटल्यास अध्यक्षांनीं पांच वाढवावीं असें लिहिलें. या दुरुस्तीस क्रो सोडून इतरांची संमति मागाहून मिळविली. तहाचा कागद वाचतांना ही दुरुस्ती पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

या तहाच्या चौथ्या कलमांत असें होतें कीं, जमातीच्या माणसाकडून अमेरिकन नागरिकाचें नुकसान झालें तर जमातीनें त्याची भरपाई करावी. तीन वर्षांनीं त्या कलमाची परीक्षा झाली. १८५४ च्या ऑगस्टांत एका मॉर्मन प्रवाशाची लंगडी गाय लाकोटांच्या तळाजवळ भरकटली आणि पाहुणा म्हणून आलेल्या हाय फोरहेड नांवाच्या मिनिकोंजू माणसानें ती मारली. मातो ओयुहीनें स्वतः ठाण्यावर जाऊन भरपाई देऊं केली. वार्षिक माल वांटणारा सरकारी एजंट येण्याच्या बेतांत होता; चौथ्या कलमाप्रमाणें प्रकरण त्याच्यापुढें मिटावयाचें. परंतु जॉन ग्रॅटन हा वेस्ट पॉइंटहून नुकताच आलेला उतावळा अधिकारी १९ तारखेस एकोणतीस शिपाई, दोन तोफा आणि दारू प्यालेला दुभाष्या घेऊन अपराध्यास पकडावयास गेला. दुभाष्यानें निरोप सांगावयाचा सोडून शिव्या दिल्या. जवळच वखार घालून राहिलेला व भाषा जाणणारा व्यापारी जेम्स बोर्दो यास मध्यस्थीस बोलाविलें, पण वेळ टळून गेली होती. गोळ्या सुटल्या, मातो ओयुही प्राणांतिक घायाळ झाला, आणि ग्रॅटनची सर्व तुकडी कापली गेली. पुढल्या वर्षीं ३ सप्टेंबरास जनरल विल्यम हार्नी यानें ब्लू वॉटर ओढ्यावर लाकोटांचा एक तळ उध्वस्त केला. त्यांत ऐंशींच्यावर माणसें पडलीं, आणि त्यांत बायकामुलें पुष्कळ होतीं. एका गाईपायीं तीस वर्षांच्या युद्धास आरंभ झाला असें म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तें बरोबर वाटत नाहीं. गाय निमित्त, तह ज्याच्या नांवें झाला त्या सरकारच्याच अधिकाऱ्यास तहाचें कलम ठाऊक नव्हतें किंवा जुमानावयाचें नव्हतें, हें कारण.

येथपर्यंतची हकीकत एका पक्षाच्या कागदांवरून सांगितली. दुसऱ्या पक्षास दफ्तर नव्हतें असा समज असल्यास तो चुकीचा आहे. लाकोटा लोकांत प्रत्येक वर्षाचें एक चित्र चामड्यावर, व पुढें कापडावर वा कागदाच्या वहींत, काढून ठेवण्याची रीत होती. दोन हिवाळ्यांमधील काळ तें वर्ष, आणि त्या वर्षीं सर्वांच्या आठवणींत राहिलेली एक गोष्ट तें त्याचें नांव. आमच्या शकावल्यांत एकेका वर्षाखालीं एकच ओळ असावी, तशांतला हा प्रकार. यांपैकीं कित्येक शकावल्या गॅरिक मॅलरी या अधिकाऱ्यानें मिळविल्या, चित्र जपणाऱ्यांच्या तोंडून अर्थ लिहून घेतले आणि गेल्यापूर्वींच्या शतकाच्या अखेरीस छापून प्रसिद्ध केल्या. त्यांत १८४९-५० चा हिवाळा पोटांत पेटके येऊन पुष्कळ माणसें मेल्याचा म्हणून नोंदलेला आहे. प्रवाश्यांच्या रोजनिशींतील पटकी ती हीच. १८५१-५२ चा हिवाळा माल वांटल्याचा. आणि १८५४-५५ चा मातो ओयुही मारला गेल्याचा व तीस शिपाई पडल्याचा. म्हणजे वर्ष, घटना व संख्या या तिन्ही बाबतींत दोन्ही दफ्तरें जुळतात. न जुळणारी गोष्ट एकच आहे, आणि ती महत्त्वाची आहे. सरकारी कागदांत १८५१ ही सीमा ठरल्याची व रस्त्याचा हक्क मिळाल्याची साल आहे. त्या चित्रांत सीमा नाहीं, हक्क नाहीं, केवळ मालाची वांटणी आहे. एका पक्षानें काय दिलें असें दुसऱ्यास वाटत होतें, आणि त्यास स्वतःस आपण काय घेतलें असें वाटत होतें, यांतील अंतर दाखविणारा याहून चांगला पुरावा आम्हांस माहीत नाहीं. केवळ लेखी साधनांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

पुढील दहा-बारा वर्षांचा वृत्तांत आटोपता घेतों. १८६१ च्या ऑक्टोबरांत तारायंत्राची तार या वाटेनें खंडापार पोंचली. १८६५ च्या मे महिन्यांत ठाण्याच्या सेनापतीनें दोघां लाकोटा सरदारांस सांखळ्यांनीं फांशीं देऊन प्रेतें तशींच टांगतीं ठेविलीं. हें कृत्य लष्करी दृष्टीनेंही मूर्खपणाचें होतें. १८६६ च्या जून महिन्यांत उत्तरेकडील माँटानाच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन वाटेबद्दल लॅरामीस बोलणें चालू असतांनाच कर्नल कॅरिंग्टन ती वाट राखण्यासाठीं फौज घेऊन येऊन ठेपला. देण्याचें बोलणें चालू आणि घेणारा दारांत उभा, हें पाहून ओग्लाला लाकोटांचा पुढारी रेड क्लाउड सभेंतून उठून गेला. त्या वाटेवर तीन ठाणीं बसलीं, २१ डिसेंबरास त्यांपैकीं एकाची ८१ माणसांची तुकडी समूळ कापली गेली, आणि जॉन फिलिप्स नांवाचा जासूद बर्फांतून सव्वादोनशेंहून अधिक मैल घोडा हांकीत नाताळच्या रात्रीं नाच चालू असतां लॅरामीस बातमी घेऊन आला. दोन वर्षांनीं सरकारनें माघार घेतली.

त्या माघारीचा कागद म्हणजे १८६८ चा तह. सरकारतर्फे सही करणारांत जनरल शर्मन होता, आणि हार्नीही होता; तेरा वर्षांपूर्वीं ब्लू वॉटरवर तळ जाळणारा तोच हा. २९ एप्रिलापासून सह्यांस आरंभ झाला. रेड क्लाउडनें निरोप पाठविला कीं, बोझमन वाटेवरील ठाणीं उठलेलीं डोळ्यांनीं पाहिल्यावर सही करीन. ऑगस्टांत फौजा निघाल्या आणि मागें ठाणीं जाळलीं गेलीं. ६ नोव्हेंबरास तो लॅरामीस येऊन सही करून गेला. या तहानें मिसूरीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश, काळ्या टेंकड्यांसह, लाकोटांस राखून दिला. बाराव्या कलमांत असें लिहिलें कीं, यांतील कोणताही भाग पुढें देण्याचा करार प्रौढ पुरुषांपैकीं तीनचतुर्थांशांच्या सह्यांवांचून सिद्ध होणार नाहीं. राखीव मुलखाबाहेर शिकारीचा हक्कही दिला, पण तो जोंवर गव्यांचे कळप शिकारीजोगे राहतील तोंवर. या ‘जोंवर’ शब्दाची मुदत पंधरा-सोळा वर्षांत संपली. बारावें कलम मात्र राहिलें.

दरम्यान ठाण्याचा धंदा पालटला होता. १८६७ च्या नोव्हेंबरांत आगगाडी दक्षिणेस शायेन गांवीं पोंचली आणि १८६९ सालीं खंडापार गेली. गाड्यांच्या तांड्यांचें युग तेव्हांच सरलें. १८७४ सालीं काळ्या टेंकड्यांत सोनें असल्याचा बोभाटा झाला. लगेच उत्तर प्लॅटवर लोखंडी पूल बांधला गेला, आणि शायेनहून सोन्याकडे जाणारा रस्ता लॅरामीवरून व त्या पुलावरून निघाला. ज्या ठाण्यावर तह झाला त्याच ठाण्याच्या पुलावरून तो मोडावयास माणसें गेलीं. १८७६ च्या लढायांनंतर टेंकड्या सोडून देण्याच्या करारावर सह्या गोळा केल्या, त्या तीनचतुर्थांशांच्या ठिकाणीं सुमारें दशांश भरल्या. तेवढ्यावर १८७७ च्या फेब्रुवारींत कायदा करून टेंकड्या घेतल्या.

१८९० सालीं फौज उठली आणि इमारतींचा लिलांव झाला. आसपासच्या वसाहतवाल्यांनीं फळ्या, दारें, तुळया काढून नेऊन आपलीं घरें बांधिलीं; वसाहतीस ठाण्यानें दिलेला हा अखेरचा पुरवठा. १९३८ सालीं उरलेल्या अवशेषांस राष्ट्रीय स्मारक ठरविलें. १८४९ चें अधिकाऱ्यांचें दुमजली लांकडी घर आणि दुकानाचा कच्च्या विटांचा भाग अद्याप उभा आहे. तहाची मूळ प्रत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दफ्तरांत आहे. तिच्या बाराव्या कलमावरून लाकोटांनीं चालविलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि ३० जून १९८० रोजीं, टेंकड्या घेतल्याबद्दल १८७७ पासूनच्या व्याजासह भरपाई दिली पाहिजे असा निर्णय झाला. मूळ रक्कम एक कोटि एकाहत्तर लक्ष डॉलर. व्याज धरून दहा कोटींच्यावर. लाकोटांनीं ती स्वीकारली नाहीं. भूमि विकली नव्हती, मग किंमत कसली, असें त्यांचें म्हणणें. रक्कम सरकारी खजिन्यांत त्यांच्या नांवें जमा आहे, आणि वाढत वाढत ती शंभर कोटि डॉलरांच्यावर गेली आहे.